शालेय उद्योजकता स्पर्धा आणि न मांडलेली मजुरी

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयाच्या प्रांगणात भरलेल्या आनंद बाजारातील एक प्रसंग या लेखाच्या मुळाशी आहे. नववीच्या तीन विद्यार्थिनींनी मोहफुलांच्या लाडवांचे दुकान मांडले होते. त्याच दिवशी पालकसभा असल्यामुळे गर्दी चांगली होती आणि दुपारपर्यंत शंभरही लाडू संपले. मुलींनी जमाखर्चाचा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावला. परीक्षकांनी तो वाचला, 'निव्वळ नफा ४२० रुपये' या आकड्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढले आणि पहिला क्रमांक जाहीर केला. तिघींपैकी एकीची आई देवरी तालुक्यातून आली होती. टाळ्या थांबल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, अन् माही मजुरी कोठं मांडली?"

मी हसून वेळ मारून नेली. परीक्षकांपैकी एक मीच होतो. रात्री वसतिगृहाची हजेरी झाल्यावर तो तक्ता भिंतीवरून काढून आणला आणि वही उघडून बसलो. गणित समजायला सोपे जावे म्हणून आकडे थोडे गोल करून देतो.

शंभर लाडू, प्रत्येकी दहा रुपये, म्हणजे जमा १,००० रुपये. खर्चाच्या बाजूला तीळ, गूळ आणि तूप मिळून ५२० रुपये व कागदी पिशव्या ६० रुपये, असे एकूण ५८० लिहिले होते. वजाबाकी बिनचूक होती. पण दोन किलो वाळवलेली मोहफुले घरची म्हणून त्यांची किंमत शून्य धरली होती. बाजारभावाने ती १२० रुपयांची होती. सरपण रानातले, म्हणून तेही शून्य. ते ५० रुपयांचे धरू. आणि ती माउली दोन पहाटे मिळून आठ तास चुलीपुढे बसली होती. तासाला ४० रुपये असा साधा दर लावला तरी ३२० रुपये होतात. न मांडलेल्या या तीन रकमांची बेरीज ४९०. एकूण खर्च १,०७० आणि जमा १,०००. ज्या दुकानाला आम्ही नफ्याबद्दल पहिला क्रमांक दिला, ते सत्तर रुपये तोट्यात होते आणि तो तोटा एका आईने कोणालाही न सांगता सोसला होता.

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय मार्गदर्शन आणि उद्योजकता स्पर्धा हा विषय हल्ली सर्वत्र बोलला जातो. पालक विचारतात, माजी विद्यार्थी पारितोषिके पुरस्कृत करू इच्छितात. त्यांच्यासमोर या स्पर्धांचा थोडा इतिहास, त्यांतील भेद आणि गोंदिया जिल्ह्यात त्यांना कोणते रूप द्यावे याविषयीचे माझे मत मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

विद्यार्थ्याच्या हाताला काम देण्याचा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा काही खर्च निघावा, अशी ती कल्पना होती. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो आजही विसरता कामा नये. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. आपल्यापैकी अनेकांनी वेळापत्रकातील कार्यानुभवाची तासिका अनुभवली आहे. कागदी फुले, पायपुसणी, खडू यांपलीकडे ती फारशी गेली नाही. स्काउट-गाइडची 'खरी कमाई' मात्र त्या मानाने खरी होती. घरोघरी जाऊन काम मागायचे, ते करायचे आणि कमावलेल्या पैशांची नोंद ठेवायची. काम मागताना ओठ सुकतात, हा धडा कोणत्याही पुस्तकात नाही.

परदेशात ही कल्पना स्पर्धेच्या व कंपनीच्या रूपात वाढली. अमेरिकेत १९१९ मध्ये 'ज्युनिअर अचीव्हमेंट' ही संस्था स्थापन झाली. शाळा सुटल्यावर मुलांनी छोटी मंडळे करून वस्तू बनवाव्यात आणि विकाव्यात, असा तिचा आरंभीचा क्रम होता. आपल्याकडे केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर-मानक' योजना शिक्षकांना परिचित आहे. विद्यार्थ्यांच्या नवकल्पना शाळेमार्फत पाठविल्या जातात, निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये जमा होतात आणि प्रदर्शन जिल्हा, राज्य व राष्ट्र या पायऱ्यांनी वर जाते. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मिशनने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यास सुरुवात केली. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०१९ मध्ये उद्योजकता मानसिकतेचा अभ्यासक्रम आला आणि २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' या उपक्रमात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी २,००० रुपये बीजभांडवल मिळाले. मुलांनी गट करून त्या पैशांतून खरोखर धंदा करून पाहायचा होता.

या सर्वांना आपण सरसकट 'स्पर्धा' म्हणतो, पण त्यांत मोठा भेद आहे. काही स्पर्धा कल्पनेच्या असतात आणि काही व्यवहाराच्या. कल्पनेच्या स्पर्धेत परीक्षक विद्यार्थ्याला विचारतात, तुला काय सुचले? व्यवहाराच्या स्पर्धेत प्रश्न वेगळा असतो. तू कोणाला काय दिलेस, त्याने किती मोजले आणि तुझ्या हाती काय उरले? पहिल्या प्रकारात मांडणी, फलक आणि बोलण्याची सफाई यांना फार महत्त्व येते, आणि तेथे खेड्यातील मूल हमखास मागे पडते. एका प्रदर्शनात आमच्या विद्यार्थ्याने धानाच्या तुसावर चालणारी शेगडी नेली होती. शेगडी पेटत होती, पाणी उकळत होते. मात्र त्याच्याकडे रंगीत फलक नव्हता, म्हणून तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. शेजारी थर्माकोलचे 'स्मार्ट शहर' होते, तेथे झुंबड उडाली होती. स्थळ व संस्था यांची नावे येथे देत नाही, कारण हे कमीअधिक सर्वत्र घडते.

व्यवहाराच्या शिक्षणाचे महाराष्ट्रातील सर्वांत विचारपूर्वक उभे राहिलेले उदाहरण माझ्या मते पुणे जिल्ह्यातील पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, मग एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वरिष्ठ पद. हे सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली मुले हाताने काम करताना मंद नसतात, हे त्यांना दिसत होते. त्यांतून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा माध्यमिक शाळांसाठीचा अभ्यासक्रम तयार झाला आणि राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातील एक दिवस मुले वर्कशॉप, शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य या क्षेत्रांत काम करतात. त्यांनी जोडलेले फाटक गावात कोणाच्या तरी कुंपणाला बसते, माती परीक्षणाचा अहवाल कोणा शेतकऱ्याच्या हाती जातो. काम सरावाचे असले तरी गिऱ्हाईक खरे असते. मला सर्वांत मोलाची वाटते ती तेथील प्रात्यक्षिकाची वही. वस्तू कशी केली याच्याबरोबर साहित्य किती लागले, त्याचा दर काय आणि मजुरी किती, याचा तक्ता मुलाने स्वतः भरायचा असतो. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात नेमका मजुरीचाच रकाना नव्हता.

या ठिकाणी जातककथांतील चौथी कथा आठवल्यावाचून राहत नाही. आपल्या विद्यालयात ती लहान मुलांना गोष्ट म्हणून सांगितली जाते. मोठ्या मुलांना ती अर्थशास्त्राचा पाठ म्हणून शिकवावी, इतकी ती नेमकी आहे. वाराणसीचा चुल्लक श्रेष्ठी राजवाड्याकडे जाताना रस्त्यावर मेलेला उंदीर पाहतो आणि म्हणतो की, हुशार तरुण एवढ्या भांडवलावरही धंदा उभारू शकेल. एक दरिद्री तरुण ते ऐकतो. तो उंदीर कोणाच्या तरी मांजरासाठी विकून त्याला एक क्षुल्लक नाणे मिळते. त्या नाण्याचा तो गूळ घेतो, घडाभर पाणी घेतो आणि रानातून थकून येणाऱ्या माळ्यांना गूळपाणी देतो. ते त्याला ओंजळभर फुले देतात. पुढे वादळात राजाच्या उद्यानात फांद्या मोडून पडतात. मुलांना गूळ देऊन तो त्या गोळा करवतो आणि राजाच्या कुंभाराला भट्टीसाठी विकतो. मग वेशीजवळ पाण्याचा रांजण ठेवून पाचशे गवतकाप्यांची तहान भागवतो. घोड्यांचा व्यापारी पाचशे घोडे घेऊन येणार, ही बातमी त्याला आधी कळते. तो प्रत्येक गवतकाप्याकडून एक पेंढी मागून घेतो आणि माझे गवत विकले जाईपर्यंत तुमचे विकू नका, असे सांगतो. शेवटी बंदरात आलेल्या जहाजाचा माल केवळ अंगठीच्या विसारावर राखून ठेवून तो दोन लाखांचा धनी होतो आणि त्यांतील अर्धे धन कृतज्ञतेने श्रेष्ठीपुढे ठेवतो.

दहावीच्या वर्गात मी ही कथा सांगतो तेव्हा फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. या तरुणाचे खरे भांडवल कोणते? त्याला कोणी उधार दिले आणि का? त्याने कोणाची मजुरी दिली नाही? पहिल्या प्रश्नाला मुले उंदीर म्हणतात, मग गूळ म्हणतात आणि थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते, पाणी. पाण्याला पैसे पडत नव्हते, पण तहानेची वेळ आणि जागा त्याने हेरली होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंगठीपाशी न थांबता त्या पाचशे गवतकाप्यांपर्यंत जाते, कारण त्यांनी त्याला पेंढी दिली ती जुन्या उपकाराच्या ओळखीवर. तिसऱ्या प्रश्नावर वर्ग दुभंगतो. फांद्या गोळा करणाऱ्या मुलांना नुसता गूळ मिळाला आणि कुंभाराचे पैसे एकट्याने घेतले, हे बरोबर का? गवतकाप्यांनी दिवसभर आपले गवत धरून ठेवले, त्यांच्या वाट्याला काय आले? गवताचा हा प्रसंग मला स्वतःला नेहमी खटकतो. कथेत तो चातुर्य म्हणून येतो. आमच्या जिल्ह्यातील मुले त्याला साठेबाजी म्हणतात, कारण धानाचा भाव सुगीत कसा पडतो हे त्यांनी घरी पाहिलेले असते.

आता जिल्ह्याकडे वळतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आठ तालुक्यांचा हा गोंदिया जिल्हा तळ्यांचा, धानाचा आणि तेंदूपानांचा म्हणून ओळखला जातो. गोंदिया शहराला राईस सिटी म्हणतात. मात्र धान गिरणीत गेले की शेतकऱ्याचा संबंध संपतो. तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस असे त्याचे चार भाग होतात, त्या चारांनाही बाजार आहे, पण आपल्या मुलांना तो ठाऊक नसतो. कोंड्यापासून तेल निघते, तूस गिरणीच्याच भट्टीत इंधन होते, कणीचे पीठ पापडाला जाते. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला किंमत असते, हे शिकविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण कशाला हवे? विडीचेही तसेच. या जिल्ह्यातील हजारो घरांत आई-आजीची बोटे सुपातल्या पानांवर चालत असतात आणि दर ठरतो तो हजार विड्यांवर. विडी कामगारांच्या सेवाशर्तींसाठी १९६६ चा कायदा होता, कल्याण निधीसाठी १९७६ चा आहे, त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची योजना आहे. ही माहिती आपल्या किती पालकांना आहे?

दुसरीकडे, वनहक्क कायदा २००६ नंतर गोंदिया-गडचिरोली भागातील काही ग्रामसभांनी तेंदूपाने ठेकेदाराच्या मर्जीवर न सोडता स्वतः लिलाव करून विकण्यास सुरुवात केली. गावसभेत बसून निविदा वाचणे, पुडक्यांची मोजणी ठेवणे, मजुरी आणि बोनस वाटणे, हे सारे उद्योजकतेचेच शिक्षण आहे. आपल्या काही विद्यार्थ्यांचे वडील हे काम करतात आणि मुलाला ते सांगण्यासारखे वाटत नाही. गेल्या वर्षी मी आठवीच्या मुलांना घरी जाऊन ग्रामसभेचे हिशेबाचे रजिस्टर कसे ठेवतात ते पाहून येण्यास सांगितले. सतरा मुलांपैकी चारच पाहून आली, पण त्या चौघांचे बोलणे तासभर चालले.

व्यवसाय मार्गदर्शनाचा प्रश्न येथेच जोडलेला आहे. पुढे काय होणार, असे वसतिगृहात विचारले की उत्तरे ठरलेली असतात. पोलीस, सैन्य, शिक्षक, नर्स आणि डॉक्टर. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणून डॉक्टर हे उत्तर पूर्वीपेक्षा जवळचे झाले आहे. बिरसीच्या ब्रिटिशकालीन धावपट्टीवर आज राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेची छोटी विमाने उतरतात, त्यामुळे एखादा मुलगा वैमानिक होण्याचेही बोलतो. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे. तेथे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात, पण आयटीआयचे नाव मुले संकोचाने घेतात. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली होती. तिच्यामुळे पालकांच्या तोंडी 'कल' हा शब्द आला, हे चांगले झाले. तरीही प्रश्नावली भरून कल कळतो यावर माझा विश्वास थोडा कमी आहे. ज्या मुलाने वेल्डिंगची ठिणगी पाहिली नाही, त्याने वेल्डिंगच्या प्रश्नापुढे कोणती खूण करावी?

आनंद बाजाराच्या तीन दिवसांत मात्र कल आपोआप उघडा पडतो. एक मूल दुकानात उभे राहताच लाजते, पण सायंकाळी गल्ला मोजताना एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत उठत नाही. त्याला वाणिज्य शाखेचे नाव प्रथमच सांगावेसे वाटते. दुसऱ्याला हिशेब जमत नाही, पण बंद पडलेला मिक्सर तो उघडून बसतो. तिसरी मुलगी गिऱ्हाइकाशी मराठीत सुरू करून आजीबाईशी गोंडीत आणि रेल्वेतून आलेल्या पाहुण्याशी हिंदीत बोलते आणि तिघांनाही माल देते. अशा निरीक्षणांची नोंद वर्गशिक्षकाने ठेवावी, कारण गुणपत्रिकेत त्यांना जागा नाही. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना शाळेत येऊन स्थानिक कारागीर व व्यावसायिकांबरोबर शिकण्याची तरतूद सुचविली आहे. धोरणातील बऱ्याच गोष्टी कागदावर राहतात, ही मात्र खर्चाविना करता येण्याजोगी आहे.

आपल्या समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ती अशा स्पर्धांच्या पुस्तिकांत नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून परतले. बडोदा संस्थानातील नोकरी त्यांना अपमानामुळे सोडावी लागली, हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती, हे तितके माहीत नसते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, पुढे रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस सल्लागार म्हणून बसला होता. आरंभी गिऱ्हाईक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. आपण त्यांची विद्वत्ता सांगतो, पण ही पेढीही मुलांना सांगितली पाहिजे. धंदा बुडतो तो नेहमी चुकीच्या हिशेबामुळेच बुडतो असे नाही. गिऱ्हाईक आडनाव विचारून निघून गेले तर तो दोष दुकानदाराचा नसतो, हे चौदा वर्षांच्या मुलाला वेळेवर कळले तर तो स्वतःला अपात्र समजणार नाही.

२००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली ती याच पार्श्वभूमीवर. अकोला जिल्ह्यातील कल्पना सरोज यांनी कमानी ट्यूब्ज ही आजारी कंपनी उभी केली आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कांबळे यांनाही ती मिळाली. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीची तरतूद आहे आणि २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत दहा लाखांपासून एक कोटीपर्यंतच्या कर्जाची सोय होती. योजनांची नावे पाठ करून धंदा होत नाही, हे खरे. परंतु कर्ज म्हणजे सावकार एवढीच ओळख असलेल्या घरातील मुलाला बँकेचा दरवाजा कोणत्या नावाने ठोठावायचा, हे शाळेने सांगू नये तर कोणी सांगावे?

आता स्पर्धा प्रत्यक्षात कशी घ्यावी. आमच्याकडे काही गोष्टी चुकतमाकत ठरत गेल्या, त्या सांगतो.

भांडवल बक्षीस म्हणून देऊ नये, उसने द्यावे. आम्ही प्रत्येक गटाला पाचशे रुपये देतो, चिठ्ठीवर सर्व सभासदांच्या सह्या घेतो आणि परतफेडीची तारीख लिहितो. अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, असे १८७२ चा करार कायदा सांगतो, म्हणून ही चिठ्ठी कायद्याने बंधनकारक नाही. हेही मुलांना सांगतो आणि विचारतो, तरी परत कराल ना? पहिल्या वर्षी दोन गटांचे पैसे बुडाले. एका गटाने पुढच्या वर्षी, दहावीत असताना, न मागता परत केले. दुसऱ्याची चिठ्ठी अजून कपाटात आहे.

कोणता धंदा करू नये, यावर बराच वाद झाला. बुद्धवचनात उपासकाला शस्त्रे, जीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. मद्य आणि तंबाखू यांबाबत आमच्यात दुमत नव्हते, त्यामुळे मोहाचे लाडू आले आणि विडी आली नाही. परंतु एका ढिवर कुटुंबातील मुलाने तळ्यातील सुक्या मासळीचा हिशेब मांडायचे ठरविले तेव्हा काय करावे? काही सहकाऱ्यांचे मत नकाराचे होते. मी होकार दिला. ज्या धंद्यावर त्याच्या घरची चूल पेटते तो निंद्य म्हणून त्याला परत पाठविण्याचे धैर्य माझ्यात नव्हते आणि ते असायला हवे होते असेही मला वाटत नाही. त्याने प्रत्यक्ष विक्री केली नाही, फक्त आईचा आठवडी बाजारातील आठवडाभराचा हिशेब मांडला. मासळी सुकताना वजन किती घटते, याचा त्याने काढलेला आलेख आजही विज्ञान कक्षात आहे.

नफा झाला तर त्याचे काय करायचे, याला सिगालोवाद सुत्तातील विभागणी आम्ही वापरतो. चारांतील एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात पुन्हा घालण्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. मुलांना एक भागाचा आइस्क्रीम फार थोडा वाटतो. वाटू द्यावा.

खाद्यपदार्थ विकायचे असतील तर स्वच्छता, झाकण, तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणी म्हणजे काय, हे आधी शिकवावे. काम शाळेच्या वेळेबाहेर अभ्यास बुडवून होता कामा नये, आणि धोक्याच्या कामाला अठरा वर्षांखालील मुलांना लावणे कायद्यानेच निषिद्ध आहे. उद्योजकतेच्या नावाखाली बालमजुरी परत दारात येऊ नये, ही काळजी निवासी शाळेला जास्त घ्यावी लागते, कारण आपली मुले चोवीस तास आपल्या स्वाधीन असतात.

आणि परीक्षक. पूर्वी आम्ही अधिकारी, प्राचार्य, व्यापारी अशा मान्यवरांना बोलवीत असू. त्या लाडवांच्या प्रसंगानंतर दोन जागा महिला बचत गटातील मातांसाठी राखून ठेवल्या. ज्या स्त्रिया दर महिन्याला शंभर-दोनशेचे हप्ते, व्याज आणि थकबाकी वहीत लिहून घेतात, त्यांना हिशेब फसवू शकत नाही. पहिल्याच वर्षी एका मातेने मशरूमच्या गटाला विचारले, पिशव्या निर्जंतुक करायला गॅस किती जळला? गटाकडे उत्तर नव्हते. वसतिगृहाचा गॅस होता, तो कोणी मोजलाच नव्हता. नियमाप्रमाणे त्यांना क्रमांक मिळाला नाही. गटप्रमुख रडली, पालक रागावले आणि मला एक कडक पत्रही आले. पण पुढच्या वर्षी त्याच गटाने सिलिंडर काट्यावर ठेवून आधीचे आणि नंतरचे वजन लिहून आणले.

लाडवांच्या त्या तिघींना मी दुसऱ्या दिवशी वर्गात बोलावून नवा हिशेब दाखविला होता. बक्षीस परत घेतले नाही, चूक परीक्षकांचीही होती. किंमत बारा रुपये केली तर १,२०० जमा होऊन १३० उरतात, हे त्यांनीच काढले. बारा रुपयांना कोणी घेईल का, यावर त्या भांडल्या. मग एकीने सुचविले की, मोहफुले एकदम पाच किलो भाजून ठेवली तर पहाटेचे चार तास वाचतात. लाडवांचा भाव न वाढवता मजुरी निघण्याची वाट तिला सापडली होती. देवरीच्या त्या मुलीने मात्र गप्प बसून आपल्या वहीत एक ओळ लिहिली, 'आईची मजुरी ३२०, देणे बाकी.' वाट्याला आलेल्या बक्षिसातून तिने शंभर रुपये आईच्या हाती दिले आणि ओळ खोडून '२२० बाकी' असे केले. पुढे ती गोंदियाला परिचारिका प्रशिक्षणाला गेली. बाकी फिटली की नाही ते मी विचारले नाही.

यंदाच्या स्पर्धेच्या छापील अर्जात खर्चाच्या बाजूला पाच रकाने आहेत : विकत घेतलेले साहित्य, घरचे साहित्य बाजारभावाने, इंधन, स्वतःचे श्रम आणि घरच्यांची मजुरी. शेवटचा रकाना रिकामा असेल तर अर्ज परत केला जातो. आनंद बाजार दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी भरेल. वह्या तपासण्याचे काम आदल्या दिवशी दुपारपासून सुरू होते आणि त्यासाठी हिशेब जाणणारी माणसे कमी पडतात. जे माजी विद्यार्थी बँकेत, सहकारी संस्थेत, दुकानात किंवा स्वतःच्या शेतीत आहेत, त्यांनी त्या दिवशी पेन्सिल घेऊन यावे. मुक्कामाची सोय जुन्या वसतिगृहात केली आहे.